गवत कापणाऱ्या गाडीचा फ्यूज

द्वारका चौकातले आपले गॅरेज शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून गाड्यांचे वायरिंग दुरुस्त करणारा नियाज ओझर रस्त्यावरील लग्नाच्या लॉन्सवर पोहोचला, तेव्हाच त्याची कंबर भरून आली होती. बसून चालवायची, गवत कापणारी छोट्या ट्रॅक्टरसारखी गाडी हिरवळीच्या मध्यभागी निश्चल उभी होती. किल्ली फिरवताच तिचा फ्यूज उडत असे. तुळशीविवाहानंतरचे पहिले लग्न उद्यावर आले होते आणि गवत घोट्यापर्यंत वाढले होते.

"याने पाइप लावून धुतली असणार," मालक रविराज म्हणाला आणि त्याने माळीकाम करणाऱ्या बहिरूकडे बोट दाखवले. "नियाजभाई, वायरिंगमध्ये पाणी निघालं तर उद्यापासून याला कायमची सुट्टी."

"धुतली नाय मालक. वल्ल्या फडक्यानं पुसली."

"फडकं होतं की धबधबा?"



नियाजने फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला. वायर कुठेतरी लोखंडाला टेकून शॉर्ट होत असेपर्यंत बल्ब प्रखर जळतो. फ्यूज जाळत बसावे लागत नाही. बल्ब भगभगला. त्याने दिव्यांची जोडणी सोडवली, मग आसनाखालच्या स्विचची. बल्ब तसाच, म्हणजे बिघाड दुसरीकडे. प्रत्येक जोड मात्र कोरडा होता. उन्हाने त्याचे डोळे चुरचुरू लागले.

"घावंल का, भाई?" बहिरूने हळूच विचारले.

"घावेल. वायर कुठे पळून जाते?"

अखेर आडवे पडून त्याने स्टिअरिंगखालच्या वायरींच्या जुडग्यात हात घातला. जुडगा हलताच बल्ब विझला, सोडताच पेटला. तेथे लोखंडी तारेचा पीळ आवळलेला होता आणि गाडीच्या हादऱ्यांनी त्याने वायरचे आवरण कापले होते. पिळात झेंडूचा वाळका देठ अडकला होता. दसऱ्याचा हार तारेने बांधलेला. फुले गेली, तार राहिली.

नियाजने पीळ सोडवून मुठीत धरला.

"पाणी नाही, रविराजशेठ. वायर घासली."

"कशाने?"

नियाजने मूठ पाठीमागे नेली. बहिरूच पुढे झाला.

"तार मी बांधली व्हती, मालक. दोऱ्यानं हार ठरंना."

रविराजने नियाजच्या हातातील पीळ घेतला व न्याहाळला.

"हार पडता कामा नये, असं मीच म्हणालो होतो," तो म्हणाला. "पण तारेने, बहिरू?"

"घट्ट बसला ना मंग."

"बसला खरा." रविराजने निःश्वास सोडला. "मांडववाले सकाळी येतील. त्याआधी सगळं कापून ठेव."

नियाजने उघड्या वायरवर टेप गुंडाळली आणि नवा फ्यूज बसवला. बहिरूने किल्ली फिरवली व गाडी घरघरत निघाली. दुखरी कंबर सैल सोडून नियाज गवतातच बसून राहिला. कापत कापत बहिरू जवळ येईपर्यंत उठायचे नाही, असे त्याने ठरवले.