खळ लावलेली पट्टी

आप्पांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. एवढ्या वर्षांत आपण चिकटवलेलं एकही पान सुटलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सुटलंच असेल तर ते गिऱ्हाइकानं ओढलं असणार. त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवर चिकटवायची औषधाची पट्टी लिहून दिली, तेव्हा आप्पांना आपल्याच धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. गोळ्यांना पाणी लागतं, वेळा पाळाव्या लागतात. चिकटवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

डॉक्टरांनी समजावलं होतं, की हे नायट्रेट आहे. कातडीतून हळूहळू आत जातं, रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयावरचा ताण उतरतो. सकाळी नवी लावायची, झोपताना काढून टाकायची. आप्पांनी मान डोलावली. मनात म्हणाले, धडधाकट चिकटलेली वस्तू त्याच दिवशी उपटून फेका म्हणणारा माणूस एकतर खुळा, नाहीतर विक्रेता. डॉक्टर खुळे दिसत नव्हते.

पहिला आठवडा डोकं असं ठणकलं, की कुणी ते दाबयंत्रात घालून चाक फिरवतंय. तेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग ठणका थांबला आणि आप्पा खूश झाले. डोक्यापाठोपाठ औषधाचा गुणही थांबला असेल, हे त्यांच्या थांबलेल्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

पट्टी लावायची त्यांची रीत ठरलेली होती. आरशासमोर उभं राहायचं, गळ्याच्या हाडापासून फूटपट्टीनं तीन इंचांचं अंतर घ्यायचं आणि काटकोनात बसवायची. दरवेळी तीच जागा. एक पट्टी तीन दिवस. दुसऱ्या दिवशी आंघोळीनं कडा उचलायच्या, तेव्हा आप्पा चमचाभर पीठ पाण्यात शिजवून खळ करायचे, गार झाली की करंगळीनं चारी कडांना लावायचे आणि पाच मिनिटं छातीवर हात दाबून बसायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा कसली तरी शपथ घेतोय.

एवढ्या निगुतीमागे एक निकड होती. तिचं नाव गुंडी. वय अकरा महिने, वजन साडेनऊ किलो, काम आजोबांच्या खांद्यावर बसणं.

सूनबाईची रजा संपत आली होती. सोमवारी तिला प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. मुलगा फिरतीवर असायचा आणि असला तरी त्याचं एकच मत असायचं, की तुम्ही दोघं ठरवा. दोघांनी ठरवलं होतं ते असं: गुंडीला दिवसभर आप्पा बघतील. पण छातीत एकदा जरी दुखलं, तरी गुंडी पाळणाघरात. सूनबाईनं हे वरणात मीठ घालावं इतक्या सहज सांगितलं होतं, आणि आप्पांना ठाऊक होतं की ही काळ्या दगडावरची रेघ आहे.

पाळणाघर आप्पा बघून आले होते. स्वच्छ होतं, बाई प्रेमळ होत्या, भिंतीवर हत्ती होता. नाव ठेवायला जागा नव्हती, याचाच त्यांना जास्त राग आला.

मग दुखायला लागलं. दुपारी गुंडीला बागेत फिरवून परतताना दोन मजल्यांचा जिना, खांद्यावर ती, आणि मधल्या वळणावर छातीवर कुणीतरी विटा रचाव्यात तसं. आप्पांनी सुनेला ताकास तूर लागू दिली नाही. त्या वळणावर भिंतीला विजेचे मीटर होते. तिथे ते थांबायचे आणि गुंडीला मीटर दाखवायचे. हा आपला, हा शेजाऱ्यांचा, हा बघ कसा गरगर फिरतोय. दम परत येईपर्यंत शिकवणी चालायची. शेजाऱ्यांनी हीटर घेतलाय हे त्या इमारतीत सगळ्यात आधी गुंडीला कळलं.

त्या आठवड्यात दोनदा मीटरनं भागलं नाही. आप्पा पायरीवर बसले, गुंडीला गुडघ्यांत धरलं आणि डॉक्टरांनी अडीनडीला दिलेली, खिशातल्या बाटलीतली बारकी गोळी जिभेखाली ठेवली. ही गोळी बसूनच घ्यायची, रक्तदाब एकदम उतरतो, उभा माणूस कोसळू शकतो, हे डॉक्टरांचं वाक्य मात्र त्यांनी पाळलं. उठताना कठडा धरून उठले. गुंडीनं या काळात त्यांचा चष्मा चाटून पुसून लख्ख केला.

शुक्रवारी तपासणी होती. सूनबाई बरोबर आली, गुंडीला आप्पांनी मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, कागदावर आकडा लिहिला आणि न बघताच विचारलं, की जिना चढताना काही त्रास?

आप्पांकडे उत्तर तयार होतं. आठवडाभर त्यांनी ते घोटलं होतं. नाही, काही नाही, घोड्यासारखा चढतो. ते एकदा म्हटलं की सोमवार आपला होता.

गुंडी त्यांच्या शर्टाचं टोक तोंडात घालून निवांत चोखत होती. तिनं त्यांना कुठेच धरलेलं नव्हतं. धरायची तिला गरज वाटत नव्हती, कारण आजोबांनी धरलेलं होतं. आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांतून काही सुटलं नाही ते पुस्तकांच्या बाबतीत. पुस्तक जिन्यात चुळबुळ करत नाही.

“दुखतं,” ते म्हणाले. “रोज. दोनदा गोळी घेतली.”

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिली, जणू त्यानंच काही लपवलं होतं.

डॉक्टरांनी शर्ट उघडायला लावला. छातीवर लालसर चौकोन, त्यावर पट्टी आणि पट्टीच्या चारी बाजूंनी वाळलेली पांढरी कड. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले.

“आजोबा, हे काय आहे?”

“खळ,” आप्पा म्हणाले. “घरचीच आहे.”

पुढचा पाव तास आप्पा शाळेत बसल्यासारखे बसले. गोंद टिकला म्हणजे औषध टिकलं असं नसतं, हे त्यांना कळलं. त्याहून कठीण गोष्ट ही कळली, की हे औषध दिवसरात्र अंगाला लावून ठेवलं तर शरीर त्याला सरावतं आणि दाद देत नाही, म्हणून त्याला रात्री सुट्टी द्यायची असते. रोज नवी, रोज जागा बदलून. काढलेली घडी घालून, गुंडीच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. एक तपासणीही लिहून दिली. तिचा निकाल येईपर्यंत जिन्यात ओझं उचलायचं नाही. गुंडी हे ओझंच आहे, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले.

दोघं बाहेर बाकावर बसली. गुंडी आता आईकडे होती. आप्पांनी चपलेचा अंगठा चाचपला. मग म्हणाले, की पाळणाघरातला हत्ती तसा चांगला काढलाय. बाईही बऱ्या आहेत.

सूनबाई म्हणाली, की औषधाचा डबा दोन महिने पुरतोय तरी कसा, हे तिला आधीच विचारायला हवं होतं. मग म्हणाली, की ती फोन करून आणखी पंधरा दिवस रजा मागणार आहे, निकाल येईस्तोवर. निकाल बरा आला तर गुंडी घरीच राहील. जिन्यात गुंडीला सूनबाई स्वतः उचलेल, सकाळी आणि संध्याकाळी. बाग दुपारी नसली तरी चालते.

“आणि दुखलं की सांगायचं, आप्पा. दरवेळी. बारीकसं असलं तरी.”

“आणि सांगितलं की पाळणाघर?”

“नाही सांगितलं की पाळणाघर.”

आप्पांनी यावर विचार केला. अट उलटी शिवल्यासारखी होती, पण ओढून बघितली तरी कुठे उसवत नव्हती.

त्या संध्याकाळपर्यंत त्यांनी चार वेळा सांगितलं. त्यातली दोन दुखणी गुडघ्याची होती. सूनबाईनं चारही ऐकून घेतली.