धुरीचा खटला

"आगाय, परत एकदा. कढईत काय होतं?" मीरगुलने विचारलं.

"अद्राशमान असावं."

"असावं नाही. होतं!"

"मी पाहिलं तेव्हा ते जळत होतं, मुली. जळायला लागलं की सगळा पाला सारखाच दिसतो."

मीरगुलने कपाळावर हात मारला. ती सुयुमकान एजेची, म्हणजे माझ्या शेजारच्या ताईची, वकील. अपिलाची सुनावणी अगदी तोंडावर आली होती आणि काराकोलच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती मला एक वाक्य पढवत होती. माझा सगळा जन्म गावच्या वाचनालयात गेला, म्हणून लोक मला आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणतात. दोन माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते.

"तुम्हाला खात्रीनं काही सांगता येतं का हो? स्वतःचं नाव तरी?"

"सोड त्याला," सूर्यफुलाच्या बिया सोलत एजे म्हणाली. "ह्याचं लग्न ठरत होतं तेव्हा ह्याच्या आईनं विचारलं, मुलगी आवडली का? तर म्हणतो, अजून पुरती वाचून व्हायचीय."

दोन वर्षांच्या तुरुंगाच्या तोंडावर तिला हे सुचत होतं.

गेल्या शरदात पोलीस तिच्या घराची झडती घ्यायला आले. धाकट्या मुलानं घरात चरस लपवलाय, अशी निनावी खबर होती. मुलगा तिकडे मॉस्कोत रस्ते झाडत होता. पंच म्हणून शेजारच्या दोघांना बोलावलं, त्यातला एक मी. गाद्या उसवून झाल्या, पिठाची पोती ओतून झाली, काही सापडलं नाही. तेवढ्यात एजेनं कढईत निखारे घेतले, त्यावर मूठभर पाला टाकला आणि घरभर धुरी फिरवली. आमच्याकडे दृष्ट अशीच काढतात, अद्राशमानच्या पाल्यानं. पण थोड्या वेळानं कॅप्टन कुबातनं ती कढई हिसकावली, बाहेर चिखलात पालथी केली आणि गुन्हा नोंदवला: झडती चालू असताना पुरावा जाळला.

खालच्या कोर्टात एजे म्हणाली, "हो, चोप जाळला की!" चोप म्हणजे कुठलाही पाला, गवत, झाडपाल्याचं औषध. पण हल्लीची पोरं चरसालाही चोपच म्हणतात. झाली कबुली. मला तिथं कुणी बोलावलंच नाही. आज अपील फेटाळलं तर तिला इथूनच थेट तुरुंगात नेणार होते.

"आणि एजे, चोप हा शब्द तोंडातून काढायचा नाही," मीरगुल म्हणाली.

"मग गाईला काय घालते म्हणू?"

"गाईचं कोण विचारणार आहे?"

"त्यांचा काय नेम!"

आत तीन न्यायाधीश बसले होते. मधले अध्यक्ष थकलेले दिसत होते. त्यांनी एजेला उभं केलं.

"तुम्ही काय जाळलंत?"

"अद्राशमान," एजे शहाण्यासारखी म्हणाली. मीरगुलचा जीव भांड्यात पडला.

"ते काय असतं?" सरकारी वकिलानं खोचकपणे विचारलं.

"काय असतं म्हणजे? चोप! तुझ्या आईनं कधी काढली नाही वाटतं तुझी दृष्ट? तरीच!"

मागे लोक हसले. मीरगुलनं डोळे मिटून घेतले.

"पण झडती चालू असतानाच कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग काय ते गेल्यावर? एवढी माणसं बूट घालून माझ्या लोकरी नमद्यावर उभी! त्यात हा कुबात पाळण्यातल्या नातवाला बघून म्हणतो, केवढं गुटगुटीत पोर! मी गप्प बसू?"

"हे सगळे बहाणे," सरकारी वकील म्हणाला.

मग माझी पाळी आली.

"धुराचा वास ओळखलात?" मीरगुलनं विचारलं.

"ओळखीचा वाटला. पण मला तेव्हा सर्दी होती." तिचा चेहरा पाहून मी घाईनं म्हटलं, "फार नव्हती."

"साक्षीदार," अध्यक्ष वैतागले, "तुमची सर्दी राहू द्या. कढई समोर आली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

हे मला माहीत होतं.

"मान खाली घातली आणि ओंजळीनं धूर तोंडावरून घेतला."

"का?"

"कढई समोर आली की घेतात, साहेब."

"बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी घेतला. कॅप्टनसाहेबांनी दोनदा. इडापीडा टळो म्हणून अलास, अलास असं म्हणालेसुद्धा. मग त्यांना फोन आला. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं आणि हे सांगत होते, काही सापडलं नाही. फोन ठेवला आणि कढई हिसकावली."

"हे नक्की?"

"नक्की. धुरी घ्यायला त्यांनी टोपी काढून माझ्याजवळ दिली होती. ती माझ्या हातातच राहिली होती."

अध्यक्षांनी कुबातकडे पाहिलं.

"कॅप्टन, चरसाच्या धुरापुढे टोपी काढता तुम्ही?"

"नाही, साहेब... म्हणजे लहानपणापासून सवय. हात आपोआप जातात."

"कशाच्या धुराची सवय?"

कुबातनं मान खाली घातली. "अद्राशमानच्या," तो म्हणाला.

शिक्षा रद्द झाली. निकाल वाचून संपायच्या आत एजे उठली होती. संध्याकाळची गाडी चुकली तर गाय पिळायची राहणार होती.

बाहेर मीरगुलनं मला भिंतीशी गाठलं. "टोपीचं हे आधी का नाही सांगितलंत? एक महिना मी तुमच्यामागे लागलेय!"

"तू कढईत काय होतं, ते विचारत होतीस."

तिनं परत कपाळावर हात मारला. मग फायली काखेत मारून पायऱ्या उतरून गेली. मी चुकीचं काही बोललो का, हे तिला विचारायचं होतं, पण हाक मारायचा धीर झाला नाही.

"ए पुस्तकी किड्या!" गाडीच्या दारातून एजे ओरडली. "चढतोस की त्याचाही विचार करायचाय?"