थांबण्याचं पद

हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतला संगणक रोज सकाळी चालू होताना मध्येच गोठायचा. माऊस कितीही हलवा, पडद्यावरचा बाण ढिम्म. मग चाळीस सेकंदांनी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुढे चालू. एवढा वेळ नुसतं बसून राहणं हेडक्लार्कसाहेबांच्या पदाला शोभेना, म्हणून त्यांनी त्यासाठी वेगळा माणूस नेमून घेतला. त्याला सगळे थांबेकाका म्हणत.

सहा वर्षांत काकांनी एक दिवस चुकवला नाही. संगणक गोठला की भिंतीवरच्या घड्याळासकट पडद्याचा फोटो काढायचा, पुरावा म्हणून आपल्या अंगठ्याचाही काढायचा आणि दोन्ही 'खोळंबा नोंद' नावाच्या फाइलीत चिकटवायचे. आता अकरा महिने उरले होते. ते भरले तरच पेन्शन मिळणार होती.

अशात वरच्या कचेरीने दुरुस्तीवाली पाठवली.

"काका, कधीपासून होतंय हे?"

"सहा वर्षं. रविवार सोडून."

"आणि कुणी बघितलं नाही?"

"नाही कसं? मी रोज बघतोय की."

तिने केबली हलवल्या, धूळ झटकली, डिस्क तपासली. सगळं ठणठणीत. काकांचा जीव भांड्यात पडला. मग तिने संगणक चालू होताना आपोआप काय काय उघडतं त्याची यादी काढली आणि काकांनी डोळे मिटून घेतले.

"ही खोळंबा नोंद काय भानगड आहे?"

"विसरायला नको म्हणून आपोआप उघडायची सोय केलीय."

"हिच्यात तीन हजार सातशे फोटो आहेत, काका. ही उघडतानाच त्याला धाप लागते."

"पण तो आधीपासून गोठतोय. म्हणून तर मला घेतलं."

"आधी केबल सैल होती. तुम्हीच लिहिलंय बघा, तिसऱ्या दिवशी दाबून बसवली म्हणून. त्यानंतर गोठतोय तो तुमच्या नोंदींमुळे."

एव्हाना हेडक्लार्कसाहेब येऊन मागे उभे राहिले होते.

"म्हणजे फाइल काढली की गोठणार नाही?"

"नाही."

"मग यांचं काम काय?"

काकांनी हरवलेल्या छत्र्यांच्या फळीकडे पाहिलं. कोपऱ्यात अजून एकाची सोय होण्यासारखी होती.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "गोठत नाही, हे कळणार कसं?"

"चालू होईल ना. दिसेलच."

"तुम्हाला दिसेल. वरून विचारलं तर कागद काय दाखवणार?"

साहेब गंभीर झाले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ते एवढ्या एका प्रश्नालाच भ्यायचे.

"बाई, गोठत नाही असा दाखला द्याल?"

"आजचा देते."

"आणि उद्याचा?"

"उद्याचा आज कसा देणार?"

"मी तेच म्हणतोय," काका म्हणाले.

फाइल काढली गेली, काका राहिले. दुसऱ्या दिवशी संगणक एका दमात चालू झाला. काकांनी नवी फाइल उघडली, घड्याळाचा फोटो लावला, अंगठ्याचा लावला आणि जड हाताने लिहिलं: शून्य सेकंद. अशा शून्यावर अकरा महिने पगार निघेल का, याची त्यांना धाकधूक होती.

जाताना दुरुस्तीवाली बजावून गेली होती, "काका, फोटो लहान ठेवा हं."

काकांनी फोटोचा आकार सगळ्यात मोठा केला आणि फाइल आपोआप उघडायची सोय करून टाकली.