गाडी गेल्यावर घातलेली कडी

मी वेटिंग रूम बोलतेय. स्टेशन म्हणवून घ्यायचं धाडस होत नाही. रूळच उचलून नेल्यावर कसलं स्टेशन? डोंगरापलीकडून नवा मार्ग झाला आणि इथली गाडी बंद पडली. चार दगडी भिंती, एक बाक आणि वर तापणारा पत्रा, एवढीच मी उरले.

माझ्यात कुणी कधी स्वस्थ बसलंच नाही. जो तो सामानावर हात ठेवून दाराकडे बघायचा. "आली का?" पोरं भोकाड पसरायची, आया कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

जुना पोर्टर मात्र गेला नाही. शेजारच्या तिकीटघरात राहतो. दुपारची गाडी गेली की माझं दार ओढून बाहेरून कडी घालायची, हे त्याचं काम. गाडी नाही, पण ती वेळ तो अजून चुकवत नाही. आत डोकावत नाही. गाडी गेल्यावर आत कोण असणार?

परवा एक तरुण आई आत आली. बाळ उन्हानं लालबुंद. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. तेवढ्यात पोर्टर आला, कडी घातली, गेला.

"अहो काका! आत माणसं आहेत!"

काकांना ऐकू कमीच येतं. दार हलेना, खिडक्यांना गज. बाळाचा आवाज चिरकू लागला. सावली देते म्हणून मी जन्मभर मिरवले, आणि आता तान्ह्या जिवाला कोंडून बसले होते. मला साधं दारही उघडता येईना.

शेवटी तिनं पाण्याची रिकामी बाटली तिकीटघराकडच्या भिंतीतल्या बंद तिकीटखिडकीच्या पत्र्यावर दणादणा आपटली.

"येतो, येतो! गाडीला वेळ आहे अजून, धक्काबुक्की नको!" पलीकडून पेंगुळलेला आवाज आला. खिडकी सरकली. पोर्टरनं तिला पाहिलं, बाळाला पाहिलं, आणि तो अनवाणीच धावत सुटला.

दार उघडून त्यानं आधी पाणी दिलं, मग वर तिलाच झापलं, "अगं, हाक नाही का मारायची?"

"घसा बसेपर्यंत मारली, काका! आधी ती कडी काढून टाका."

"कडी काढली तर मला काम काय उरलं, पोरी?"



कडी अजून आहे, आणि तोही. त्याचं काम हिरावून घ्यावंसं वाटत नाही, तुमची काळजी सुटत नाही; मी अशी मधल्यामध्ये अडकले आहे. उन्हातून आलात तर जरूर टेका. फक्त दाराला एखादा मोठा दगड लावा. माझ्या भरवशावर राहू नका.