खाली न येणारी तळी

चंपाषष्ठीच्या दुपारी निनाद जगदाळेच्या हॉलमध्ये उचललेली खंडोबाची तळी खाली यायला तयार नव्हती. तळी म्हणजे भंडारा, खोबरं आणि विड्याची पानं मांडलेलं ताट. पाच पुरुषांनी मिळून ते उचलायचं आणि पाचांनी मिळूनच टेकवायचं. बाराव्या मजल्यावर पाच जगदाळे आणायचे कुठून? म्हणून तिघं चुलतभाऊ आणि गावाहून बाबा व्हिडिओ कॉलवर आले. लॅपटॉपमधून चौघांचे उजवे हात कोपरापर्यंत बाहेर निघाले आणि 'येळकोट येळकोट, जय मल्हार' म्हणत त्यांनी निनादसोबत ताट उचललं. इथवर सगळं रीतसर झालं.

मग चुलतभावांपैकी डब्लिनचा तेजस म्हणाला, "चला, मला मीटिंग आहे."

"अरे, खाली ठेवायची राहिलीय!"

"हात राहू दे तिथंच. मी डाव्यानं भागवतो."

त्याच्यामागोमाग उरलेले दोघं भाऊही हात तिथंच ठेवून गेले. एकेक जण गेला की ताट वीतभर वर चढे आणि पडद्यातले हात तेवढेच लांबत. कपाळाला भंडारा फासून फोटो टाकायला मात्र कोणी विसरलं नव्हतं. श्रद्धा होती हो पोरांची, फक्त तिला सवड नव्हती.

निनाद स्टुलावर चढला. भावांचे हात ताटाला नुसते लोंबत होते, एक तर चक्क झोपी गेला होता. भार होता तो निनादवर आणि बाबांवर. बाबांचा हात थरथरत होता. तळी उतरल्याशिवाय भरीत-भाकरीचा नैवेद्य नाही आणि नैवेद्याशिवाय बाबा घास घेणार नाहीत. त्यात त्यांना साखरेचा आजार. निनादला भीती देवाची नव्हती, त्या हाताची होती.

"बाबा, तुम्ही सोडा. जेवून घ्या."

"उचललेली तळी सोडत नसतात."

"देव काही म्हणणार नाही."

"तुला भेटला होता का तो?"

निनादला तो कधीच भेटला नव्हता. बाबा करतात म्हणून तो करायचा. एवढंच. आता त्याचा खांदा भरून आला होता आणि छत केसांना लागत होतं.

त्याची बायको सायुरी स्वयंपाकघरातून आली. भाकरीचं पीठ तिच्या हाताला तसंच होतं.

"मी लावू का हात?"

"बायका तळी उचलत नाहीत," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पार खोल गेला होता.

"उचलत नाहीये, बाबा. नुसती खाली ठेवू लागते."

सायुरी खुर्चीवर चढली आणि तिनं ताटाला हात घातला. तसा बाबांच्या हातानं ताट सोडलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. दूर सारायला की आधाराला, ते निनादला कळेना. ताट हललं आणि पहिल्यांदाच वीतभर खाली आलं.