पाठीशी बसलेली छत्री

मित्रांनो, विमान चालवणाऱ्याच्या पाठीला चिकटून मी माझे बहुतेक आयुष्य काढले. मी एक जुनी हवाई छत्री आहे. तलम नायलॉनचे तुकडे जोडून मला शिवले आणि एका छोट्या विमानात पाठवले. हौशी माणसे त्यातून आभाळात उड्या मारायची. त्यांच्या छत्र्या रंगीबेरंगी, रोज उघडणाऱ्या. मी पांढरी, फक्त वैमानिकासाठी. वेळ आलीच तर, म्हणून ठेवलेली.

वेळ काही येत नव्हती. तरी वैमानिकाची बायको मला विसरली नाही. छत्र्यांच्या घड्या घालणे हेच तिचे काम. ती मला लांबलचक टेबलावर पसरायची, दोरी न् दोरी बोटांनी चाचपायची, वारा द्यायची आणि पुन्हा बांधायची. तिचे हात लागले की मला फार बरे वाटे.

आमचे वैमानिक मात्र मला पाठ टेकायचा लोड समजत. पट्टे तसेच लोंबत ठेवत. एकदा बायकोला माझ्या हुकात बिस्किटाचा चुरा सापडला.

"अहो, हे हुक लावता ना?"

"लावतो गं!"

"मग यात मुंग्यांनी संसार कसा थाटला?"

त्या दिवसापासून तिने नियम केला. हुकांचा खटका कानावर आल्याशिवाय ती चाकापुढचा लाकडी ठोकळा काढायची नाही, आणि ठोकळा निघेपर्यंत इंजिन सुरू व्हायचे नाही. वैमानिक कुरकुरत हुक लावू लागले.

एका सकाळी मात्र त्यांनी शक्कल लढवली. हुक लावलेच नाहीत, नुसता जीभ टाळूला लावून आवाज काढला. खट्!

ठोकळ्याकडे वाकलेली बायको सरळ झाली. "हुकाला कधीपासून जीभ फुटली?"

मागे बसलेली मंडळी खो खो हसली. बायको थेट आत चढली आणि स्वतः माझे पट्टे आवळू लागली.

"काकू, आता घासही भरवा त्यांना!" एक जण म्हणाला.

"तुझे पट्टे बघ आधी," ती म्हणाली, आणि मगच तिने ठोकळा काढला.

वर गेल्यावर दार उघडले. पहिला गडी दारात बसला आणि त्याच्या पाठीवरची छत्रीची पिशवी चौकटीला घासली. त्याची छत्री अवेळी उघडली, वाऱ्याने त्याला बाहेर खेचले आणि ती छत्री विमानाच्या शेपटीवर आदळली. फाटकी छत्री सोडून त्याने जवळची दुसरी, राखीव छत्री उघडली, तो सावरला. पण विमानाची शेपटी वाकली होती. वैमानिकांनी जीव खाऊन विमान वळवायचा दांडा ओढला, विमान ऐकेना.

"मारा उड्या! सगळे!" ते ओरडले. भराभर सगळे गेले. शेवटी आम्ही दोघेच उरलो. त्यांनी दारातून अंग झोकून दिले आणि मला उघडायची मूठ ओढली.

मित्रांनो, इतकी वर्षे घडीत राहिलेली मी, एका झटक्यात फुलले! पट्टे ताणले गेले, पण एकही हुक सुटला नाही. विमान दूर ओसाड माळावर कोसळले. आम्ही मात्र डुलत डुलत एका काटेरी झुडपात उतरलो. त्यांचा पाय मुरगळला, मी फाटले.

बायको धावत आली. माझे हुक सोडायला गेली, पण ते घट्ट धरूनच राहिली.

"अगं, सोड की. पळून जातोय का मी?"

"गप्प बसा जरा," ती म्हणाली आणि माझ्या पट्ट्यांसकट त्यांना मिठी मारून बसली.

पहिला गडी धापा टाकत आला. मान खाली घालून म्हणाला, "काकू, सकाळी हसलो. चुकलंच."

आता मी उडत नाही. त्यांच्या अंगणात खांबांना बांधली आहे. माझ्या सावलीत नातवंडे खेळतात. मजेत आहे मी. बाळांनो, जी वस्तू रोज कामाला येत नाही, तिलाही अधूनमधून उलगडून पाहा, वारा द्या. आणि पट्टा बांधायला सांगणाऱ्या माणसावर रागावू नका.

रोज सकाळी दोघे नवराबायको बाजाराला निघतात. गाडीत बसल्यावर पट्ट्याचा खटका वाजतो.

"ऐकलंस ना?" वैमानिक विचारतात.

"ऐकलं," ती म्हणते. मगच गाडी हलते.