सासूबाईंची सिस्टर

मी लग्न होऊन सासरी आले, तेव्हापासून सासूबाईंनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. त्यांच्यासाठी मी सिस्टर. "आमची सिस्टर आली का ड्युटीवरून?" असं साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज झाले, तेव्हा तर त्यांनी भाजीवाल्यालाही सोडलं नाही.

आता आम्ही परदेशात आहोत आणि मी सिस्टर नाही. इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव नसेल, तर स्वतःला सिस्टर म्हणवून घेणं गुन्हा आहे. लोकांना तसं म्हणू देणंसुद्धा. माझा अर्ज कौन्सिलकडे पडून आहे. कागदपत्रं माझ्या हातून चालत नाहीत, ती माझ्या नर्सिंग कॉलेजने शिक्का मारून परस्पर पाठवायची, आणि ते कॉलेजच बंद पडलंय. तसं मी कळवलं. उत्तर आलं, बंद पडल्याचं कॉलेजकडून पत्र आणा. डोकं आपटावं, तर भिंतही भाड्याच्या घराची! तोवर मी इथल्या हॉस्पिटलात मदतनीस आहे. चादरी बदलते, भरवते, बेडपॅन उचलते. सिस्टरांचे कपडे निळे, माझे राखाडी.

सासूबाईंना यातलं काही ठाऊक नाही. "आईला कशाला सांगायचं? होईल की चार महिन्यांत," असं नवरा म्हणाला होता. त्याचे चार महिने काही संपत नाहीत. यंदा त्या आमच्याकडे राहायला आल्या, बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि नेमक्या माझ्याच वॉर्डात दाखल झाल्या.

"सिस्टर! अगं ए सिस्टर!" ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यापासून हेच. बेडपॅन नेताना मी दिसले, की म्हणायच्या, "इथे हेसुद्धा सिस्टरलाच करावं लागतं का गं?"

"माणसं कमी आहेत, आई."

"आणि कपड्यांना रंग तरी कसला दिलाय! फरशी पुसायचं फडकं बरं."

शेजारच्या खाटेवरच्या आजींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण सिस्टर कळायचं. त्याही मला तेच म्हणू लागल्या. मी मान हलवून नाही म्हणायचे, त्या हसायच्या आणि माझ्या हातून दोन घास जास्त खायच्या. घात केला त्यांच्या मुलाने. बिचारा कौतुक करायला गेला. इथल्या इन्चार्जला म्हणाला, "तुमच्या सगळ्या सिस्टरांमध्ये ही राखाडी कपड्यांतली सगळ्यात चांगली."

इन्चार्जने मला चादरींच्या खोलीत बोलावलं. वयाने माझ्याहून लहान, मनाने वाईट नाही.

"तुम्ही सिस्टर आहात, असं सांगितलंत?"

"नाही. सासूबाई तशी हाक मारतात. त्यांची सवय आहे."

"मग त्यांना थांबवलं का नाहीत?"

मी समोरच्या चादरींची चळत सारखी करू लागले.

"मला वर कळवावं लागेल," ती म्हणाली. "कळवलं, तर तुमचा अर्ज कायमचा बंद होईल. त्यापेक्षा आत्ता माझ्यासमोर सगळ्यांना स्वतः सांगा. गैरसमज होता, तो मिटला, एवढ्यावर मी सोडून देईन. पण पुन्हा कानावर आलं, तर माझ्याही हातात काही नाही."

वॉर्डात गेले. आजींना भरवायची वेळ होती, मुलगा बसलेला होता, इन्चार्ज माझ्या मागे उभी. इथल्या भाषेत म्हणाले, "मी सिस्टर नाही. मी मदतनीस आहे. मला सिस्टर म्हणू नका." स्वतःच्या तोंडाने म्हणाले. मुलाने मान खाली घातली. आजींनी माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"आता तुमच्या सासूबाईंना तुमच्या भाषेत सांगा," इन्चार्ज म्हणाली.

सासूबाई कोपरावर रेलून सगळं बघत होत्या. "काय गं, एवढे सगळे का जमलेत? काय सांगितलंस त्यांना?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते.

"मी कोण आहे, ते सांगितलं, आई."

त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! हात लांबवून त्यांनी आजींच्या चादरीवर थोपटलं. "कळलं ना आता? अहो, अख्खं थिएटर चालवायची ही. डॉक्टर टरकून असायचे हिला."

"त्यांना नीट कळलं ना?" इन्चार्जने विचारलं.

"कळलं," मी म्हणाले.